मीच बंद केलीय

त्या वायरमनचं नाव मी विचारलं नव्हतं आणि आता विचारायचा धीर होत नाही.

अवसरी गावात आमच्या घराची तार खांबावर सुटली होती. त्याने जाऊन डीपीच्या पेटीतला फ्यूज काढून लाइन बंद केली, खांबाला हात लावून नमस्कार केला आणि वर चढला. मला पेपर तपासायची घाई होती, म्हणून तेवढ्यात मी घरातला जनरेटर सुरू केला.

वर त्याने खिशातून टेस्टर काढला. मी वैतागलो. "अहो, लाइन तुम्हीच बंद केलीत ना? मग बघताय काय?"

"मीच बंद केलीय, म्हनून तर बघायचं सर. सवताच्या हातावर लई भरवसा बरा न्हाई."

टेस्टर तारेला टेकला आणि त्यातला दिवा लागला.

त्याने हात आखडला. मी धावत जाऊन जनरेटर बंद केला. मी इंजिनिअरिंग शिकवतो. जनरेटरची जोडणी कुणाला न विचारता मीच केली होती. त्याची वीज उलटी त्या तारेत चढली होती.

तो सावकाश उतरला.

"सर, जनरेटर कुनी जोडला?"

वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगितलेलं 'मी' तोंडातून निघेना.