नळीतला हायड्रोजन आणि बाबांचा तळहात

शहापूरला हायवेच्या कडेला बाबांचं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. धानाला पाणी देणारी पंपाची इंजिनं तिथे ओळीने पडलेली असायची. कुठलंही इंजिन खोलण्याआधी बाबा त्याच्या हवेच्या नळीच्या तोंडावर तळहात ठेवायचे, समोरच्याला दोरी ओढायला लावायचे आणि हात किती खेचला जातो त्यावरून सांगायचे, "दम आहे याच्यात," नाहीतर, "पिस्टनच्या रिंगा गेल्या." त्यांचा अंदाज चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

मी भंडाऱ्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. पेट्रोलचं जुनं पंपाचं इंजिन हायड्रोजनवर चालवायचं, हा प्रोजेक्ट मीच हट्टाने घेतला. धूर नाही, सायलेन्सरमधून नुसती वाफ. खरी गोम होती ती गॅस आत सोडायचा कसा, यात. सोपा रस्ता म्हणजे हवेच्या नळीतच गॅस सारखा सोडत राहायचा, दोन्ही मिसळून आत जातात. दुसरा रस्ता, व्हॉल्व्हच्या अगदी जवळ इंजेक्टर बसवायचा. व्हॉल्व्ह उघडून थोडी गार हवा आत गेली की तो पिचकारी मारतो आणि व्हॉल्व्ह मिटायच्या आत थांबतो, म्हणजे नळीत गॅस उरत नाही. तिसरा रस्ता थेट सिलिंडरमध्ये, पण त्याला लागणारा दाब आमच्या कॉलेजच्या ऐपतीबाहेरचा. पहिल्या रस्त्यात नळीभर गॅस आणि हवा मिसळून उभी असते, एखादा तापलेला व्हॉल्व्ह तिला पेटवायला पुरतो आणि आग उलटी बाहेर येते. हे मी रिपोर्टात दोन पानं भरून लिहिलं होतं. आणि बसवला तोच पहिला रस्ता, कारण तो दोन दिवसांत होत होता आणि मला घाई होती. मोठी शहाणी मी!

पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी बाबांना मुद्दाम कॉलेजात बोलावलं. इंजिन दहा मिनिटं चाललं, तापलं आणि बंद पडलं. बाबांनी नेहमीसारखा नळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ओढ." गॅसची चावी चालूच होती. ती आधी बंद करायची असते, हे मला पाठ होतं. मी दोरी ओढली.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. ज्वाळ दिसलीसुद्धा नाही, हायड्रोजनची दिवसा दिसतच नाही म्हणा. बाबांनी हात मागे घेतला तेव्हा तळव्याची कातडी पांढरी पडली होती. प्रोजेक्टचे सर धावत आले. मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "माहीच चुकी झाली सर. हे काई पेट्रोल नाही. मीनं हात लावाचाच नव्हता." मी गप्प राहिले. प्रोजेक्ट हातचा जाईल म्हणून गप्प राहिले, दुसरं काही कारण नव्हतं.

मग मी इंजेक्टर बसवला, त्याची वेळ जुळवली, आणि पुन्हा एकदाही आग उलटली नाही. परीक्षक खूश झाले. बाबांचा हातही बरा झाला. पण दुकानात ते नळीला हात लावेनात. कुणी म्हटलं, "मिस्त्री, दम पाहून द्या न," तर म्हणायचे, "आपल्याले नाही समजत बा आता. भंडाऱ्याले दाखव." साधं पंपाचं इंजिन, आणि बाबा ते परत पाठवायचे! आई म्हणायची, वय झालं. मला अन्न गोड लागत नव्हतं, पण तोंडही उघडत नव्हतं.

पुढच्या उन्हाळी धानाच्या वेळी वरठीकडचा एक जुना गिऱ्हाईक इंजिन घेऊन आला आणि तसाच परत गेला. त्याची गाडी वळली आणि मला राहवलं नाही.

"बाबा, तुमची चुकी नव्हती. गॅस मीनंच बंद नव्हता केला. नळीत तो पेटते, हे मले पयलेच मालूम होतं."

ते चिडतील, नाहीतर 'जाऊ दे बाई' म्हणून हसतील, असं मी धरून चालले होते. ते हातातला पाना पुसत राहिले.

"मालूम होतं?"

"हो."

"मंग वरीसभर मले काहून वाटू देलं, का मी अडाणी आहो म्हणून?"

त्या दिवशी त्यांनी दुकान दुपारीच बंद केलं.