तीन फुटांचं मशीन

त्या दिवशी गेस्ट हाऊसच्या लॉनवर आम्ही सहा जण व्हतो. मी, ठकूबाई, मंदा, मॅनेजर साहेब, मशीनच्या दुकानातला माणूस आणि दशरथभाऊ ड्रायव्हर. ठकूबाई आता नाय. मंदा नाशिकला लेकाकडं असती. साहेब नोकरी सोडून कुठं गेले ठाऊक नाय, आन् दुकानातल्या माणसाचं तर नावच मला माहीत नाय. दशरथभाऊला जाऊन दोन पावसाळे झाले. खरं काय ते सांगणारी मी एकटी उरले. त्या दिवशी एक अक्षर न बोललेली पण मीच.

गेस्ट हाऊस दिंडोरी रोडच्या आत, द्राक्षबागांच्या मधी. मुंबई-पुण्याची माणसं सुट्टीला यायची. पुढं दोन एकराचं लॉन. ते आम्ही तिघी बसून इळ्यानं कापायचो. एका टोकापून दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर पहिलं टोक परत वाढलेलं असायचं. माझे मालक जाऊन तवा सात वर्षं झाली व्हती. गुडघे तवाच गेले, पण ते कोणाला सांगायचं नसतं. गुडघे गेले म्हणलं की काम पण जातं.

दशरथभाऊकडं छोटा ट्रॅक्टर व्हता, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाणारा. फवारणी, पाण्याची टाकी, खत, सगळं त्याच्यावर. माणूस उंच, वाळका, अन् डाव्या हातावर कोपरापर्यंत पेनानं आकडे लिहिलेले. कागद म्हणून वापरायचा नाय. म्हणायचा, "कागद हरवतो. हात कुठं हरवतोय?" रोज सकाळी नवे आकडे. मंदा त्याला बायकोवरून छेडायची, "दशरथभाऊ, हिराबाईनं आज काय सांगितलं? मीठ आणायचं का मिरची?" तो हसायचा नाय. हात पुढं करून दाखवायचा, "टाकीचं झाकण, दीड फूट अन् दोन बोटं."

काही विचारा, त्याचं एकच, "आधी मोजू, मग बोलू." मंदाच्या पोरीच्या लग्नातलं कपाट दारातून जाईना. चार माणसं ढकलू राह्यली, दाराचा रंग निघाला. दशरथभाऊ आला, हातानं कपाट मोजलं, दार मोजलं, म्हणला, "पाय काढा त्याचे अन् आडवं घ्या. एक बोट जागा उरंल." एकच बोट उरलं. माझ्या घराचे पत्रे त्यानंच मोजून दिले. दुकानदार दहा फुटी घ्या म्हणत व्हता. दशरथभाऊ म्हणला, "सुमनबाई, आठच घ्या. दहा घेतले तर वाऱ्याला पंख देऊ राह्यल्या तुम्ही." त्यानंतर किती वादळं झाली, शेजारच्यांचे उडाले, माझे जागेवर हायेत. गावात कोणाची खाट, कोणाचा मांडव, कोणाची ट्रॉली गल्लीतून जाईल का नाय, सगळे म्हणायचे दशरथला विचारा. त्याच्याकडं जमीन नव्हती, शिक्षण नव्हतं. जे काय व्हतं ते हे व्हतं.

मग साहेबांच्या डोक्यात आलं, ट्रॅक्टरमागं गवत कापायचं मशीन जोडायचं. शेजारच्या हॉटेलवाल्यानं पाच फुटांचं आणलं व्हतं. साहेब म्हणाले, "आपण पण पाचच घेऊ. लवकर होईल."

दशरथभाऊ म्हणला, "त्यांचा ट्रॅक्टर मोठा हाय साहेब. आपला पाचाला दमंल. चढावर तर तोंडच उचलंल. अन् दोन झाडांमधून पाच फूट निघायचं पण नाय. मला एक दिवस द्या."

दिवसभर तो लॉनवर अनवाणी फिरला. झाडं मोजली, वाफे मोजले, मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी मोजली. ती साडेतीन फूट भरली. दुपारी आम्ही भाकरी खाऊ राह्यलो व्हतो तिथं आला, हातावर मोठा चार काढलेला.

"चार फूट," म्हणला. "चाकाच्या बाहेर दोन्हीकडून चार-चार बोटं निघंल. मग भिंतीला लागून, वाफ्याला लागून, साफ कापतं. एक काडी मागं राहात नाय."

मी विचारलं, "एक काडी नाय?"

"नाय."

त्याच्या आनंदात त्याला समजलंच नाय तो काय बोलला ते. आम्हाला समजलं. ठकूबाईनं हातातली भाकरी परत फडक्यात बांधली.

संध्याकाळी तो नळावर हात धुवत व्हता, तवा मी एकटीच गेले. म्हणलं, "दशरथभाऊ, काठ ठेव आमच्यासाठी. तीन फूट सांग."

तो म्हणला, "तीन बसायचं नाय. मशीन चाकांच्या आत राहील. चाकानं दाबलेलं गवत उभंच राहतं."

"राहू दे की. ते आम्ही कापू."

"खोटं माप सांगू?"

"खोटं कशाला? लहान ट्रॅक्टर, लहान मशीन. कोण विचारतंय?"

तो हातावरचा चार बघू लागला. तेवढ्यावर मी थांबायला पाहिजे व्हतं. पण मी बोलले, "तुझं बरं हाय. ट्रॅक्टरवर बसून खाशील. तुझ्या हिराबाईला इळा घेऊन दारोदार फिरावं लागलं असतं, तर तुझ्या तोंडून चार निघाला असता का?"

त्यानं माझ्याकडं पाह्यलं. मग नळाखाली हात धरला अन् अंगठ्यानं चार घासला. निघंना, तर नख लावलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हणला, "तीन घ्या. हलकं चालंल." साहेबांनी परत विचारलं पण नाय. दशरथनं मोजलं म्हणल्यावर कोण विचारतंय.

मशीन आलं. मी सांगितलं तसंच झालं. सकाळी तो फिरवायचा, सगळं सारखं दिसायचं. दुपारपर्यंत चाकाखालचं गवत उठायचं अन् लॉनवर पट्टेच पट्टे. भिंतीकडेला हातभर तसंच. आम्ही तिघी इळे घेऊन मागं. एक पावसाळा निघाला. ठकूबाई म्हणायची, "देवाला काळजी." मी हो म्हणायचे.

मग लॉनवर एक मोठं लग्न झालं. फोटोत नवरा-नवरीच्या मागं ते पट्टे आले. पाहुणे साहेबांना बोलले. साहेबांनी मशीनच्या दुकानातल्या माणसाला बोलावलं, तुमचं मशीन खराब हाय म्हणून. तो आला, टेप काढला, चाकं मोजली, मशीन मोजलं अन् हसायला लागला.

"मशीनमधे काही नाही साहेब. हे चाकांच्या आतच राहतंय. लहान पोरगं पण सांगंल, चाकांपेक्षा रुंद घ्यायचं. कोणी मोजलं व्हतं?"

साहेबांनी दशरथभाऊकडं पाह्यलं. "कोणी सांगितलं तीन फूट?"

मी चार पावलांवर बसलेले. इळा हातात. तो माझ्याकडं एकदा पण वळला नाय. वळला असता तर बरं झालं असतं, मला उठावं लागलं असतं.

"म्या मोजलं," म्हणला. "चुकलं."

"तू? तुझं माप चुकतं?"

"चुकलं साहेब."

दुकानातला माणूस म्हणला, "हातावर मोजल्यावर असंच होणार. टेप घ्या टेप, मामा." साहेब पण हसले. मी गवत कापत राह्यले. कापलेल्याच जागी कापत व्हते.

चार फुटांचं मशीन आलं. त्यानंतर आठ दिवसांत ठकूबाई अन् मंदाला नको म्हणून सांगितलं. मी जुनी, म्हणून वाफे निंदायला मला ठेवलं. ठकूबाई शेवटपर्यंत दुसऱ्याच्या बागेत काड्या वेचायची. दशरथभाऊला कोणी काढलं नव्हतं. त्यानं स्वतःच चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. जाताना मी फाटकापाशी उभी व्हते. मला वाटलं आता बोलंल. तो म्हणला, "सुमनबाई, पत्र्याचे खिळे बघून घ्या, गंजले असतील." बस.

गोष्ट गावात त्याच्या आधी पोचली. लोक त्याला तीनफुट्या म्हणू लागले. कोणाचं दार बसवायचं असलं की कोणीतरी म्हणायचं, "तीनफुट्याला बोलवू का? पोरं वाकून जातील घरात." सगळे हसायचे. एकदा पाणी भरताना मी पण हसले. न हसता उभी राह्यले असते तर कोणी विचारलं असतं, असं मला वाटलं. आता वाटतं, कोणी विचारलं नसतं.

तो मग रोजंदारीनं फवारणीला जायचा. हात कोरा. मी एकदा मुद्दाम म्हणलं, "दशरथभाऊ, माझ्या न्हाणीचं दार मोजून दे." म्हणला, "टेपवाल्याला बोलवा बाई. आपला हात आता चालत नाय." रागानं नाय म्हणला. रागानं म्हणला असता तर मी सगळं सांगितलं असतं का? तरी सांगितलं नसतं. मला तवा पण काम पाहिजे व्हतं.

पोटाच्या दुखण्यानं गेला. दहाव्याला हिराबाई माझ्याजवळ बसली अन् हळूच म्हणली, "सुमनबाई, त्या एका दिवशी ह्यांचं डोकं कसं फिरलं असंल हो? मी किती वेळा विचारलं, सांगितलंच नाय. तुम्ही तर तिथंच व्हत्या." मी म्हणलं, "व्हते. पण मला मापातलं काय कळतं?" तिनं माझ्याच हातावर हात ठेवला.

नंतर तीनदा तिच्याकडं गेले, सांगायचं म्हणून. तीनदा चहा पिऊन आले. मग तिला लेकीनं देवळा गावाला नेलं. आता माझ्यानं एवढा प्रवास होत नाय, अन् झाला तरी मी परत चहाच पिऊन येईन.

हिराबाईला वाचता येत नाय. देवळ्याच्या बाजारात कांदे निवडायला बसते, उजव्या डोळ्याखाली मोठा तीळ हाय. तुमच्यापैकी कोणी तिकडं गेलं, तर तिला गाठून हे वाचून दाखवा. वेळ नसला तर एवढंच सांगा, दशरथभाऊनं चारच मोजलं व्हतं. तीन मी म्हणायला लावलं.