लाकडी खुंट्यांचा दरवाजा

दाभोळच्या खाडीकाठी ज्यांच्या पिढ्यांनी होड्या बांधल्या, त्या घरचा मोहिद्दीन दुबईला अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये खोटी घरं बांधायचा. न उठलेल्या टॉवरचे नमुने, प्रदर्शनातले दिवाणखाने, प्लायवूडच्या भिंती. २००८ ची मंदी आली आणि खरे टॉवरच अर्धे राहिले, तिथं खोट्यांना कोण विचारतो! निम्मे सुतार गावी गेले. उरलेल्यांना कंपनीनं कळवलं की बायकामुलांचा व्हिसा आता पुढं वाढणार नाही. शारजात रोल्ला भागातल्या एका खोलीत मोहिद्दीनची बायको झुबेदा आणि नऊ वर्षांची मरियम राहत होत्या. मार्चमध्ये मरियमची परीक्षा, आणि मग त्या दोघींचं विमान.

त्याच हिवाळ्यात त्याच्या हाती मरियमची वही लागली. ‘माय फादर’ असा निबंध होता. मोहिद्दीन बोट ठेवून अक्षर अक्षर वाचत गेला. माझे वडील इंजिनिअर आहेत, ते टॉवर बांधतात, असं पोरीनं लिहिलं होतं. खाली बाईंनी लाल तारा काढला होता. त्यानं वही होती तशी ठेवून दिली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात वर्कशॉपला काम आलं. एका बागेत चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपची जत्रा भरायची होती. किल्ला, तलवारी, विदूषक, भाल्यावर भाजलेलं मांस, सगळं त्या काळचं. मोहिद्दीनच्या वाट्याला मोठा दरवाजा आला. सुपरवायझर सुजीत पुण्याचा. तो म्हणाला, तीन दिवसांची तर जत्रा, प्लायवूडला पिना मार आणि वर रंग फास, खलास. मोहिद्दीननं मान हलवली आणि स्वतःच्या मनासारखंच केलं. होडीला करतात तशा खाचा पाडल्या, लाकडाच्याच खुंट्या ठोकल्या. एकही लोखंडी खिळा लावला नाही. पोरीनं हे बघावं, हात लावून बघावं, गावी जाण्याआधी एकदा बापाचं काम तिच्या डोळ्यांत बसावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मग घरात शुक्रवारचा बेत सुरू झाला. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्यानं बागेचा नकाशा काढला. बस कुठं सोडेल, ऊन कुठल्या बाजूला असेल, कुठं उभं राहिलं की दरवाजा अख्खा दिसेल. तिकिटं आठ दिवस आधीच आणून कुराणाच्या फळीवर ठेवली. राजाच्या सिंहासनाचं उरलेली जांभळी मखमल सुजीतकडून मागून आणली. झुबेदानं तिचा मरियमसाठी पायघोळ झगा शिवला. शिवता शिवता टोमणा मारलाच, “गावच्या उरुसाला कधी धड चप्पल घालून गेला नाहीत, आणि गोऱ्यांच्या जत्रेला केवढा हा थाट.”

“उरुसात माझं काय होतं?” तो म्हणाला. “इथं दरवाजा आहे.”

मरियमला त्यानं दरवाज्याचं काही सांगितलं नव्हतं. तिला फक्त जत्रा माहीत होती.

शुक्रवारी नमाज उरकून तिघं निघाली. डब्यात सांदणं होती. नकाशात होतं तसंच ऊन दरवाज्यावर पडलेलं. रांगेत मागं मरियमच्या वर्गातली आभा आईवडिलांबरोबर उभी होती. दोघी मुली इंग्रजीत खिदळत होत्या. मोहिद्दीन त्यांच्याकडं बघून उगाच हसला.

रांग पुढं सरकली. त्याच्या खिशात तीन तिकिटं होती. ती दाखवून आत गेला असता तर काहीच झालं नसतं. पण मनात आठ दिवस साठवलेलं होतं. त्यानं तिकिटांच्या आधी कंपनीचं कार्ड काढलं आणि गार्डला हिंदीत म्हणाला, भाई, हा दरवाजा मी बनवलाय.

गार्डनं कार्ड उलटसुलट पाहिलं. कंत्राटदाराच्या माणसांना जत्रेच्या दिवशी आत सोडायचं नाही, असा त्याला हुकूम होता. मोहिद्दीननं तिकिटं पुढं केली. गार्ड अडला. माणूस वाईट नव्हता, वाट काढायला बघत होता. फॅमिली असेल तर जाऊ दे, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं खाली वाकून मखमली झग्यातल्या मुलीलाच विचारलं, “बेटी, ये कौन हैं तुम्हारे? साथ में हैं?”

मरियमनं बापाच्या हातातलं कार्ड पाहिलं. मग मागं आभाकडं पाहिलं.

“नो,” ती म्हणाली. “ही वर्क्स हिअर. ही इज जस्ट ड्रॉपिंग अस.”

झुबेदाला इंग्रजी येत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता. तिनं तोंड उघडलं तशी मोहिद्दीननं तिला नजरेनं थांबवलं.

“हां,” तो गार्डला म्हणाला. “छोडने आया था.”

त्यानं डबा झुबेदाच्या हातात दिला, दोन तिकिटं दिली, तिसरं खिशात राहिलं. झुबेदाचे पाय उचलेनात. मरियम तिला ओढत आत घेऊन गेली. दरवाज्यातून जाताना पोरीनं मान वर केली नाही. आभा मात्र थांबली, एका खुंटीवर बोट फिरवून वडिलांना काहीतरी विचारू लागली.

मोहिद्दीन बागेच्या कठड्यावर बसला. माणसं आत जात होती, आणि दर वेळी दाराची फळी हलली की दरवाजा कुरकुरत होता. रोग त्याला बसल्या जागी कळला. वरची तिसरी खुंटी उन्हानं सुकून ढिली झाली होती. नुसत्या तळहाताचा एक ठोका पुरे होता. होडीवाल्याच्या घरात असा आवाज ऐकून कुणी बसून राहत नाही.

दिवस मावळेपर्यंत दरवाजा कुरकुरला. मोहिद्दीन उठला नाही.