चौदा कॉम्प्युटर आणि शोभाताईंचा उजवा हात

माझी फजिती मी सहसा स्वतःच्या तोंडानं सांगत नाही, ते काम आमच्या ऑफिसातले लोक आवडीनं करतात. पण त्यांच्या सांगण्यात मी फारच बावळट दिसतो हो! म्हणून म्हटलं, चहा होईपर्यंत मीच सांगून टाकावं.

तर मी धाराशिवला एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं बघतो. नेमणूक अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, संपली की नवी. यंदाची संपत आली होती, आणि नेमकं तेव्हाच एका शनिवारी सकाळी आमच्या सचिवांनी, म्हणजे आबांनी, मला बोलावलं.

"संतोष, चौदा नवे कॉम्प्युटर आलेत. सोमवारी तपासणी हाय. आज पाचपर्यंत सगळे चालू पाहिजेत. न्हाय जमलं तर सोलापूरची कंपनी तयार बसलीय. वर्षाचं कामच त्यांना देऊन टाकतो."

म्हणजे माझी ऑर्डर गेली! इथं माणसानं घाबरायला पाहिजे की नाही? मी म्हणालो, "आबा, पाच कशाला? जेवणाच्या सुट्टीपर्यंत करतो."

का बोललो? अहो, चित्र दिसलं ना डोळ्यांसमोर!

एकेक कॉम्प्युटर हातानं भरत बसलं तर दोन दिवस जातात. पण आमच्याकडं सोपी रीत आहे. एका कॉम्प्युटरवर सगळं नीट बसवायचं, त्याची नक्कल सर्व्हरवर ठेवायची. मग नवे कॉम्प्युटर चालू केले की ते वायरीतून सर्व्हरला गाठतात आणि ती नक्कल आपापल्या पोटात उतरवून घेतात. आपण फक्त बघायचं.

हे 'फक्त बघायचं' मला फार आवडतं. जानेवारीचं मऊ ऊन पडलेलं, ऑफिसाबाहेर कडुनिंबाखाली पार, पारावर मी, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलवर चौदा हिरव्या पट्ट्या, एकेका कॉम्प्युटरची एकेक, सावकाश भरत चालल्यात. मागून आबा येतात, खांद्यावर हात ठेवतात. माझ्या मनात तर शाल-नारळही झाला होता! त्याच तंद्रीत मी सगळ्या वायरी जोडल्या, मोबाईलवर पट्ट्या दिसाव्यात म्हणून थोडी जुळवाजुळव केली, आणि गुणगुणत पहिल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

काळा पडदा. पांढरी अक्षरं. मग निरोप आला, सुरू व्हायची फाईल सापडत नाही.

दुसरा लावला. तेच. तिसऱ्याचंही तेच. मी वायर बदलली, सर्व्हर बंद करून चालू केला, खुर्चीसुद्धा बदलून पाहिली. काही नाही. चौथा लावला आणि काय सांगू, धडाधड चालू! पाचवा? पुन्हा काळा पडदा.

आता शोभाताईंची ओळख करून देतो. आमच्या मुख्य लिपिक, ईट गावच्या. बावीस वर्षं त्याच खुर्चीत, आणि देहानं भरभक्कम. त्या दिवशी त्या गावाकडून हुरडा घेऊन आल्या होत्या आणि माझी धावपळ बघत उभ्यानं खात होत्या. मी वळलो.

"ताई, चौथा चालू झाला तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"हितंच की. कपाटाला टेकून. का वं?"

"परत टेका."

"कोणता हात लावू?"

"तेव्हा कोणता होता?"

"उजवा. डाव्यात हुरडा व्हता."

"मग हुरडाही घ्या!"

ताईंनी डाव्या हातात हुरडा घेतला, उजवा हात लोखंडी कपाटाला लावून भार टाकला. मी बटण दाबलं. पाचवा कॉम्प्युटर चालू!

हसू नका. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. म्हणूनच मी प्रयोग केला. ताईंना बाजूला केलं, सहावा बंद. ताईंना आणलं, सहावा चालू. हुरडा काढून घेतला, तरी चालू. म्हणजे हुरड्याचा संबंध नाही, हे सिद्ध झालं.

मग रोखपाल गवळीअण्णांना उभं केलं. अण्णा म्हणजे काटकुळा माणूस. त्यांनी उजवा लावला, डावा लावला, दोन्ही लावले. काळा पडदा.

"अण्णा, चप्पल काढा."

"चपलीनं काय हुतंय?"

"काढा हो, लोखंड आहे."

चप्पल काढली. तरी नाही. अण्णा हिरमुसले. ताईंचा चेहरा मात्र उजळला. "माझ्यावर भवानीआईची कृपा हाय, म्या मागंच सांगितलं व्हतं," म्हणाल्या. अण्णांनी गुपचूप एक उदबत्ती आणून लावली. मी नको म्हणालो नाही. ऑर्डरचा प्रश्न होता!

एकच त्रास होत होता. ताईंनी हात लावला की मोबाईलवरच्या पट्ट्या गायब व्हायच्या, हात काढला की परत यायच्या. मी म्हटलं, रेंजचं काहीतरी असेल.

पण ताईसुद्धा माणूसच. जेवण झालं, हात दुखला, बँकेतून बोलावणं आलं. साडेतीन वाजले तरी झाले होते पाच. आणि तेवढ्यात आबा आत आले. बघतात तर काय, शोभाताई डोळे मिटून कपाटाला टेकलेल्या, अण्णा अनवाणी, खोलीत उदबत्तीचा धूर.

"हे काय चाललंय?"

"नेटवर्क, आबा."

आबांनी उदबत्तीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला इतकी लाज वाटली की मी पहिल्यांदाच एका अडकलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरची अक्षरं नीट वाचली. वाचतो तर कॉम्प्युटरला मिळालेला पत्ता आमच्या सर्व्हरनं दिलेला नव्हताच!

"आबा, कुणीतरी आपल्या वायरीत घुसलंय!" मी ओरडलोच. "नवा कॉम्प्युटर जागा झाला की त्याला काही माहीत नसतं. तो हाक मारतो, मी कुठं जाऊ? जो पहिला ओ देईल त्याच्या मागं जातो. तुळजापूरच्या स्टँडवर भाविक उतरला की पहिला लॉजवाला त्याची पिशवी धरतो ना, तसं. इथं कुणीतरी दुसराच पिशव्या धरतोय!"

"कोण?"

"आतलंच माणूस असणार. आबा, त्याला सोडायचं नाही. मेमो द्या! गंभीर निष्काळजीपणा, संस्थेच्या कामात अडथळा, चोवीस तासांत लेखी खुलासा!"

"लई कडक हाय," ताई म्हणाल्या.

"कडकच पाहिजे!"

आबांनी ते सगळं कागदावर उतरून घेतलं. ताईंनी हुश्श करून कपाटावरचा हात काढला. मिनिटाभरात माझ्या मोबाईलवर पट्ट्या परत आल्या. आबांनी सहज खिशातून त्यांचा मोबाईल काढला आणि भुवया चढवल्या.

"संतोष, हे वायफायचं नाव बघ. 'रूम मिळेल, गरम पाणी'. कुणाचं हाय हे?"

माझंच की! तुळजापूरला आमचं लॉज आहे हो! लॉजवरचा जुना वायफायचा डबा मी कधीचा ऑफिसात आणून ठेवला होता, तोच सकाळी काढला, पारावर बसून पट्ट्या बघता याव्यात म्हणून. तो कपाटावर ठेवून वायरीत खुपसला, आणि त्याला हाकेला ओ देऊन पत्ते वाटायची सवय आहे हे तंद्रीत विसरलो. त्याची विजेची पिन ढिली होती. ताईंनी भार टाकला की कपाट हलायचं, डबा बंद पडायचा, आणि बिचाऱ्या सर्व्हरला बोलायची संधी मिळायची. अण्णांच्या वजनानं कपाट हललंच नव्हतं!

मी स्टुलावर चढून डबा काढला. अण्णांनी चप्पल घातली.

मग उरलेले नऊ एकदम लावले. सगळे चालू! तिरपं ऊन खिडकीतून आत आलं होतं, कडुनिंबाची सावली भिंतीवर हलत होती, आणि नऊ पडद्यांवर नऊ पट्ट्या सावकाश भरत होत्या. खरं सांगतो, मी दोन मिनिटं लाज विसरून नुसता बघत राहिलो. आबाही बघत राहिले.

पाचला दहा कमी असताना चौदा तयार झाले. आबांनी माझ्या नव्या ऑर्डरवर सही केली. मी वाकून नमस्कार करणार, तेवढ्यात त्यांनी मघाचा कागद पुढं केला.

"आता हा मेमो टाइप कर. नाव तुझं टाक."

नव्या कॉम्प्युटरवर पहिलं पत्र निघालं ते माझा मेमो. टाइप मीच केला. सोमवारी खुलासा दिला, तोही मीच टाइप केला. आबांनी त्यावर शेरा मारला, 'तांत्रिक बाब आहे, संगणक विभागानं तपासून अभिप्राय द्यावा.'

आता संगणक विभागात माणूस एकच आहे. मी खुलासा तीनदा वाचला, दोन दिवस विचार केला आणि खाली सही करून लिहिलं, 'खुलासा समाधानकारक वाटत नाही.'