मापाचं इंग्रजी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. शाळा त्यांनी पोरवयातच सोडली होती आणि शाळेनेही त्यांना परत बोलावण्याची घाई केली नव्हती. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर ते इंग्रजीच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले, तेव्हा सगळ्यात जास्त गोंधळ शिकवणाऱ्या बाईंचा झाला. त्यांनी नाव विचारलं आणि शेजारी बसलेल्या वायरमनने परस्पर सांगून टाकलं, "हे मास्तर." बाईंना वाटलं, आपलं शिकवणं तपासायला कोणीतरी आलं. त्या दिवशी त्या घसा कोरडा होईपर्यंत शिकवत राहिल्या.

मास्तरांना हौस म्हणून हे सुचलं नव्हतं. रेडीमेड कपड्यांनी धंद्याचं कंबरडं मोडलं होतं. दुकानात नवं कापड घेऊन कोणी येईना. आलाच तर पँटची उंची कमी करायला, नाहीतर बिघडलेली चेन बदलायला. त्यात जागेच्या मालकाने, या वर्षाअखेर दुकान रिकामं करा, असं गोड बोलून सांगितलं होतं. हातपाय हलवणं भाग होतं. वायरमन ज्या मोठ्या हॉटेलात कामाला होता तिथे युनिफॉर्मच्या खोलीत शिंपी हवा होता, कायमचा. अट एकच. पाहुणे देशोदेशीचे, कोणाचं बटण तुटतं, कोणाचा कोट शिवणीत उसवतो, तेव्हा शिंप्याला थोडंफार इंग्रजी बोलता आलं पाहिजे. ती नोकरी मिळाली तर म्हातारपण निभावणार होतं. नाही मिळाली, तर पुढे काय, हे मास्तरांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

वर्ग भरायचा सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. खालून हातोडीचे ठोके आणि वरून बाईंची सर्वनामं. आय, वी, यू, ही, शी, इट, दे. मास्तरांनी ती बोटांवर मोजून घेतली आणि तिथेच अडकले. त्यांची कात्री "ती" होती, दोरा "तो" होता आणि मशीन "ते" होतं. आयुष्य त्यांच्या संगतीत गेलेलं. बाई म्हणाल्या, इंग्रजीत या सगळ्यांना "इट" म्हणायचं. मास्तरांना ते काही पटेना. कात्रीला एकवेळ चालेल, पण पायाखालचं मशीन, जे रुसतं, अडतं, तेल घातल्याशिवाय बोलत नाही, त्याला आणि टेबलाला एकाच रांगेत बसवायचं म्हणजे अतिच झालं.

"यू"चं तर विचारूच नका. लहान पोराला यू, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला यू आणि खुद्द बाईंनाही यू. मास्तर बाईंशी बोलताना तो शब्द गिळूनच टाकायचे. "हाऊ आर," एवढं म्हणून हात जोडायचे. बाई पुढचं आपलं आपण समजून घ्यायच्या.

क्रियापदांपाशी गाडी आली तेव्हा उरलंसुरलं तेलही सांडलं. गो म्हणजे जाणे, हे पाठ होईतो त्याचं वेंट झालं. मग कट आलं. मास्तर खुलले, हा आपल्या घरचा शब्द. बाईंनी फळ्यावर लिहिलं, कट, कट, कट. आज कापतो तेही कट, काल कापलं तेही कट, कापून झालंय तेही कट. मास्तरांनी हात वर केला.

"बाई, कापड कापायचंय का कापून झालंय, हे गिऱ्हाइकाला कळणार कसं?"

बाई हसल्या आणि म्हणाल्या, आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं. मास्तरांनी मान डोलवली. पण घरी जाताना रस्ताभर त्यांच्या डोक्यात हेच, की ज्या भाषेत कापायच्या आधी आणि कापल्यानंतर काही फरकच नाही, त्या भाषेतल्या शिंप्यांना झोप कशी लागते.

मुलाखतीची तारीख जवळ आली तशी बाईंनी ओळखलं की व्याकरणाने ही मंडळी पार होणार नाहीत. त्यांनी एक नमुना लिहून दिला. आपली ओळख, आठ-दहा वाक्यांची. त्यात दोन जागा कोऱ्या ठेवल्या होत्या, एक नावाची आणि एक धंद्याची. बाकी सगळं ठरलेलं. मी छोट्या घरात राहतो. माझी बायको टीचर आहे. आम्हाला एक मुलगा आहे. तो शाळेत जातो. मी सकाळी लवकर उठतो. वायरमनने त्याच दिवशी बायको खोडली, कारण त्याचं लग्न झालं नव्हतं. एका नर्सने नवरा घातला, मुली घातल्या. मास्तरांनी कोऱ्या जागा तेवढ्या भरल्या आणि बाकी नमुना जसाच्या तसा पाठ करायला घेतला.

यात त्यांचा आळस नव्हता. हा त्यांच्या धंद्याचा धर्म होता. गिऱ्हाईक मापाला म्हणून जुना कपडा देतं, त्याच्याशी शिंप्याने शहाणपणा करायचा नसतो. हा धडा ते उमेदीच्या काळातच शिकले होते. एकाने मापाला पँट दिली होती, तिचा एक पाय आखूड. मास्तरांना वाटलं, आधीच्या शिंप्याची चूक. त्यांनी मोठ्या मनाने दोन्ही पाय सारखे केले. गिऱ्हाईक पँट न्यायला आलं ते लंगडत. तेव्हापासून मापाच्या कपड्यात जे असेल ते ब्रह्मवाक्य. कोरी जागा ठेवली तिथे भरायचं, नाही ठेवली तिथे हात लावायचा नाही.

नमुन्याचा कागद त्यांनी मशीनसमोरच्या भिंतीला टाचणीने टोचला आणि दुपारच्या रिकाम्या वेळी मोठ्याने घोकायला सुरुवात केली. मागे सतरंजीवर त्यांची बायको बसलेली असायची. दुकानाच्या पाटीवर एकट्या मास्तरांचं नाव होतं, पण कापणं आणि मशीन त्यांचं असलं तरी काजं, बटणं, तुरपाई, हुक आणि शेवटची इस्त्री हे सगळं तिचं. लग्न झालं त्या वर्षापासून तिच्या बोटाला अंगुस्ताना लागला होता तो निघालाच नव्हता. गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तरांच्या हाताला काय सफाई आहे. मास्तर हसून मान लववायचे. ती दातांनी दोरा तोडायची.

"माय वाईफ इज अ टीचर," मास्तर घोकत होते.

टीचर म्हणजे काय हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. वाईफही आता सगळ्या जगाला कळतं. तिने सुई थांबवली.

"अहो, कोणाची बायको टीचर आहे?"

"कोणाची म्हणजे? माझीच. नमुन्यात आहे तसं."

"आणि मुलगा कोण?"

"तो पण नमुन्यातलाच. शाळेत जातो."

त्यांना एक मुलगी, तीही लग्न होऊन आपल्या संसारात. बायकोने सुई कापडात खोवून ठेवली. मग विचारलं, की तिथे खरं काय ते सांगितलं तर चालणार नाही का. मास्तर वैतागले. म्हणाले, आधीच डोक्याचा भुगा झालाय, ही आणि शी यांचा ताळमेळ लागत नाही, त्यात हे काढून ते घालायला गेलो तर सगळी शिवण उसवेल. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा काजावर वाकली. तिला वाईट वाटलं होतं. पण पोटाचा प्रश्न होता, आणि माणूस आधीच घाबरलेलं होतं, म्हणून तिने विषय वाढवला नाही.

मुलाखतीला मास्तर तिलाही बरोबर घेऊन गेले. एकट्याने जायचा धीर होईना. शिवलेल्या कामाची पिशवी धरायला कोणीतरी हवं, असं कारण काढलं. अंगात त्यांनी आपला सर्वांत चांगला शर्ट घातला होता, पांढरा, घरीच शिवलेला. हॉटेलच्या मागच्या दाराने आत गेल्यावर एक लांब बोळ, बोळात धुतलेल्या चादरींचा वास आणि एका बंद दारासमोर बाक. दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराने मास्तरांना आत सोडलं. बायको पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली.

आत टेबलापलीकडे हॉटेलच्या मॅडम होत्या. त्यांनी इंग्रजीत ओळख विचारली. मास्तरांनी खुर्चीत ताठ बसून, नजर भिंतीवर लावून, नमुना धाडधाड म्हणून टाकला. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. शाळेत जाणाऱ्या मुलापाशी मॅडमनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिलं, एवढंच. खूश दिसल्या. मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो नमुन्यात नव्हता.

मास्तरांच्या कानांत त्यातले "वाईफ" आणि "स्टिच" एवढे दोनच शब्द पडले. बायको शिवते का, असं काहीतरी असावं. त्यांच्या डोक्यात ही, शी, गो, वेंट सगळे एकदम धावून आले आणि दारातच चेंगराचेंगरी झाली. त्या गर्दीत पाय रोवून उभं होतं ते एकच वाक्य.

"नो. माय वाईफ इज अ टीचर."

मॅडम "ओह" म्हणाल्या, आणखी काहीतरी म्हणाल्या, त्यात "टू" होतं आणि "सॉरी" होतं. मास्तर "थँक यू" म्हणून उठले. बरं झालं का वाईट, काही कळत नव्हतं. पण अडखळलो नाही, एवढ्यावर ते समाधानी होते.

बाहेर आले तर बायको बाकावरून उठूनच उभी होती. इतका उजळलेला चेहरा त्यांनी तिचा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ती हलक्या आवाजात भराभर सांगायला लागली. रखवालदार म्हणत होता की आत दोन माणसं घेणार आहेत, एक शिवायला आणि एक काज-बटण-तुरपाईला. बायकांनाही घेतात. नवरा-बायको असतील तर बरंच.

"माझं विचारलं का हो त्यांनी?"

"विचारलं," मास्तर म्हणाले.

"मग?"

मास्तरांना आता ते "टू" कळलं, "सॉरी"ही कळलं. त्यांच्याकडे बघता बघता तिचा चेहरा उतरत गेला.

"तुम्ही ते मापाचंच सांगितलंत ना."

त्यांनी मान खाली घातली.

"एवढी वर्षं तुमच्या मागे बसून बोटांची चाळण करून घेतली," ती म्हणाली, "आणि आत जाऊन मला शाळेत पाठवून दिलंत."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. पिशवी उचलून चालायला लागली. मास्तर तिथेच उभे. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना असं वाटलं, की मापाचा कपडा फाडून फेकून द्यावा. त्यांनी धावत जाऊन तिचा हात धरला, रखवालदार "अहो, अहो" म्हणेपर्यंत दार ढकललं आणि तिला घेऊन आत शिरले.

"मॅडम," ते आपल्या भाषेत म्हणाले, "मी मघाशी सांगितली ती माझी बायको नाही. माझी बायको ही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. रखवालदाराने मागच्या मागे दार लोटून घेतलं, हे आपल्याला झेपणारं प्रकरण नाही म्हणून. मास्तरांनी कसंबसं सांगितलं, की नमुना दुसऱ्याचा होता, मुलगा नाही, टीचर नाही, काजं हीच करते. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याही आपल्या भाषेत म्हणाल्या, ठीक आहे, पण हे मला इंग्रजीत सांगा. पाहुण्यांसमोर पाठ केलेलं चालणार नाही, तिथे रोज काहीतरी न शिकवलेलंच बोलावं लागेल.

मास्तरांच्या जवळ एकही क्रियापद येईना. कट आठवलं, पण त्याचा इथे काय उपयोग. शेवटी त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या पहिल्या काजावर बोट ठेवलं.

"शी," ते म्हणाले.

बोट खालच्या काजावर गेलं. "शी." मग बाहीच्या बटणावर. "शी." शर्टाचा खालचा घेर उलटून त्यांनी तुरपाई दाखवली. "शी. ऑल शी." मग खिशावर हात ठेवला. "आय." खांद्याच्या शिवणीवर. "आय." कॉलरवर. "आय." एवढं बोलून त्यांना घाम फुटला. बायको जमिनीकडे बघत उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते.

मॅडमनी खुर्चीतून उठून ती काजं जवळून पाहिली. मग मास्तरांना म्हणाल्या, तुमचं इंग्रजी कच्चं आहे, वर्ग सोडू नका. आणि दोघंही सोमवारपासून या. आठवडाभर काम बघते, मग पक्कं करते.

परतीच्या वाटेवर बायको दोन पावलं पुढे चालत होती. मास्तरांना वाटलं, राग अजून गेला नाही, आणि जायला नकोच इतक्यात. ते मागून चालत राहिले. दुकानाच्या वळणावर आल्यावर तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"कॉलर मात्र तुमची नव्हे," ती म्हणाली.

मास्तर थांबले. मग कोणाची, त्यांना कळेना.

"मागच्या वर्षी विरली होती. मी उसवून, उलटी करून परत बसवली. तुम्हाला सांगितलं नाही."

ती पुढे चालायला लागली. मास्तरांनी मानेमागे हात नेऊन कॉलरची शिवण बोटांनी चाचपली. कुठे गाठ नव्हती, कुठे चुणी नव्हती. वर्षभर ते हाच शर्ट घालत होते, आणि ही शिवण आपली नाही हे त्यांना एकदाही कळलं नव्हतं.