अर्ध्या ओळीतली ओढलेली अक्षरं

तुमच्या आईनं तुम्हाला पाठवलेल्या अरबी वाचनाच्या पुस्तिकेवर माझं नाव आहे. ते नाव एकदा जाता जाता राहिलं.

ऊर्जानगरला वीज कंपनीच्या क्वार्टरमध्ये मी मुलींना अरबी वाचायला शिकवायची. मुली मराठी शाळेतल्या, म्हणून अर्थ मराठीत. त्यातूनच सात धड्यांची पुस्तिका झाली. तुमची आई तेव्हा इंजिनिअरिंगला होती. तिनं ती कॉम्प्युटरवर टाइप केली आणि फ्लॉपी छापखान्यात देण्याआधी म्हणाली, "अम्मी, नोटेत लपलेली असते तशी खूण टाकू."

अरबीत दोन जोडलेल्या अक्षरांमधली रेघ लांब ओढता येते. ओळ भरायला सगळेच ओढतात. तिनं प्रत्येक धड्याच्या शेवटच्या, अर्ध्याच भरलेल्या ओळीत ती ओढली. किती वेळा, ते माझ्या हजेरीवहीतून घेतलं: वर्गाच्या पहिल्या आठवड्यात शनिवारपासून एकेका दिवशी जितक्या मुली आल्या, त्या त्या धड्यात तितक्या वेळा. एक, दोन, दोन, एक, तीन, चार. शुक्रवारी सुट्टी, म्हणून शून्य. माझी अट एकच होती. कुराणातल्या आयतींना हात लावायचा नाही, खूण फक्त माझ्या सरावाच्या वाक्यांत.

हे आकडे मी पाकिटात घालून, वर सही करून मशिदीतल्या म्हाताऱ्या हाफिजसाहेबांकडे ठेवले. तुमचे नाना हसले. या घरात पाकिटालाही हजेरी लावावी लागते, म्हणाले.

काही महिन्यांनी तीच पुस्तिका अहेरीच्या वर्गात निघाली, लेखक म्हणून छापखानेवाल्याचं नाव. वर मीच त्याची नक्कल केली, असं तो सांगत फिरला. गावोगावी असे वर्ग चालवणाऱ्या कमिटीला एक पुस्तिका घ्यायची होती, म्हणून तिनं आम्हा दोघांना बोलावलं. निकाल त्याच्या बाजूनं लागता तर माझ्याच मुलींसमोर मी चोर ठरले असते.

"क्वार्टरमधल्या बाया कवापासून पुस्तकं लिहाले लागल्या?" तो म्हणाला. दोघंतिघं हसले.

टायपिंग कुणी केलं, असं मी विचारलं. एकेक अक्षर आपणच बसवलं, असं त्यानं छाती काढून सांगितलं. मग मी, पाकीट घेऊन आलेल्या हाफिजसाहेबांना त्याचीच प्रत उघडायला लावली आणि प्रत्येक धड्याच्या शेवटच्या ओळीतली ओढलेली अक्षरं मोजायला सांगितली. ते बोट ठेवून मोजत गेले. चौथ्या धड्यापर्यंत छापखानेवाल्याला काहीतरी कळलं.

"बाई, लाईन भराले मशीनच अक्षर ताणते," तो म्हणाला.

हाफिजसाहेबांनी चष्मा काढला. "भाऊ, ओळ तं अर्धी रिकामी आहे. मशीनले काय भराचं होतं?"

आता कुणी हसलं नाही. हाफिजसाहेबांनी सातही धडे मोजून पाकीट फोडलं आणि आकडे वाचले. मी हजेरीवही शेजारी उघडून ठेवली. सातही जुळले.

पुढची छपाई दुसरीकडे करा, असं कमिटीचे लोक म्हणाले. मी म्हटलं, यांच्याकडेच करा. वर लेखिका म्हणून माझं नाव, खाली मुद्रक म्हणून यांचं. प्रुफं मी तपासणार.

परतताना कंपनीच्या बसमध्ये मी पुढच्या सीटवर बसले, वही मांडीवर घेऊन. दुसऱ्या दिवशी मुलींनी सगळं पुन्हा सांगायला लावलं. मी तीनदा सांगितलं.

ती खूण अजून तशीच छापली जाते. सातव्या धड्यात शोधत बसू नका. तिथं शुक्रवार आहे.