नालीच्या भोकाची वीट

ही हकीकत मी आजवर कोणापुढेही मांडलेली नाही — पत्नीपुढेसुद्धा नाही. भिलाईत मी लोकांचे अर्ज लिहितो. शाळा आठवीपर्यंतच झाली, तरी माझ्या मसुद्यात साहेबांनाही खोड काढता येत नाही. ते सगळे लेखन हिंदीत. हे मात्र घरच्या भाषेत लिहितो आहे, कारण हा कागद कुठे दाखल करायचा नाही. तुम्ही फक्त वाचा.

आमच्या क्वार्टरमागे बाडी, म्हणजे परसू आहे, तिथे खुराडे आणि सहा कोंबड्या. माझी पत्नी शकुंतला त्यांना रोज दुपार कलल्यावर मोकळे सोडी, पण स्वतः स्टूल टाकून तिथेच बसे. माहेरी जाताना तिने मला बजावले, "कोंबड्या सोडल्या का तिथून हलू नका. अन् आधी नालीच्या भोकात वीट लावा, तिथूनच मुंगूस येते. तुमाले कागदाशिवाय काही दिसत नाही, म्हणून सांगून राहिली."

मी हसलो. वीट लावायला अर्जनवीस कशाला लागतो?

तिसऱ्या दिवशी कोंबड्या सोडल्या आणि एका अर्जासाठी अडलेले वाक्य अचानक सुचले. आत गेलो, लिहिले, मोठ्याने वाचून पाहिले. वाक्य उत्तम होते. आणि वीट? ती भिंतीला टेकून तशीच होती.

बाहेर फडफड ऐकू आली. धावत येऊन पाहतो तर — चार कोंबड्या निपचित, मुंगूस भोकातून निसटते आहे, आणि त्याच्यावर भुंकत झेपावतो आहे मोत्या, मागच्या झोपडीतल्या कौसल्याबाईंचा कुत्रा. कुंपण ओलांडून तो आला होता. उरलेल्या दोन कोंबड्या त्याच्यामुळे वाचल्या. हे मी या डोळ्यांनी पाहिले.

शेजारी जमले तेव्हा पिसांमध्ये कुत्रा उभा होता. कोणी तरी विचारले, "यानंच मारल्या का, साहेब?" — आणि मी 'हो' म्हणून मान हलवली. एवढेच. अख्ख्या मोहल्ल्याच्या चुका दुरुस्त करणारा मी, एक वीट विसरलो हे कसे सांगणार होतो?

तक्रार लिहायला तरी दुसरे कोण होते? मीच लिहिली, 'हिंस्र' हा शब्द दोनदा घालून. आठवड्याच्या आत कुत्रे पकडणारी पालिकेची गाडी आली आणि मोत्याला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई माझ्या पायरीवर येऊन बसल्या. नवरा गेल्यापासून बाई एकटी. घराला राखण त्या कुत्र्याचीच. म्हणाल्या, "भाऊ, मोत्या कोंबडीले तोंड लावत नाही. माह्या हातची भाकर खाते तो. त्याले परत द्या म्हणून कागद लिवून द्या. तुमच्यासारखं कोणाले लिवता येत नाही."

मी लिहिले. काय लिहिले — हे सांगायलाच इतका वळसा घेतला. मी लिहिले, 'माझ्या कुत्र्याने कोंबड्या मारल्या, हे मला मान्य आहे.' चौकशीला कोणी बाडीत येऊ नये, ते भोक पाहू नये, म्हणून. अंगठा घेण्याआधी अर्ज वाचून दाखवायचा, हा आमच्या धंद्याचा नेम. मी वाचूनही दाखवले — 'माझा कुत्रा निर्दोष आहे.' 'निर्दोष' हा शब्द कागदावर कुठेच नव्हता. त्यांनी मान डोलावली. मी त्यांचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर टेकवला. अंगठा धरणारा तो हात माझाच होता, यावर अजून विश्वास बसत नाही. तुमचा बसतो का?

मोत्या परत आला नाही. कौसल्याबाई मात्र ओळखीच्यांना सांगतात, "भाऊनं मन लावून लिवलं होतं, माह्या नशिबातच नव्हतं."

पत्नीने नव्या कोंबड्या आणल्या. आता त्या सुटल्या की स्टुलावर मी बसतो. मी सुधारलो, असे तिला वाटते. वीट जागेवर असते. पलीकडे कौसल्याबाई आपल्या दारात काठी घेऊन बसलेल्या असतात — एकट्या. एखादी कोंबडी चुकून कुंपणापलीकडे गेली, की त्याच उठतात आणि तिला सांभाळून माझ्याकडे हाकलून देतात.